उतार

बर्मेओच्या वरच्या वळणावर, पाइनच्या आड,
तारेच्या कुंपणात करडी खोली.
देशभरातून दाबून आणलेला वायू
गावात शिरण्याआधी इथे नरम होतो,
उंबऱ्यावर आवाज उतरवणाऱ्या पाहुण्यासारखा.

कोल्दोने एकतीस वर्षं ते नरम होणं ऐकलं.
झडपेची शिट्टी.
"एवढा जोर," तो म्हणायचा, "आणि जातो कुठे?
शिट्टीत."
नळ गोठू नये म्हणून बॉयलर
त्यातलाच थोडा वायू जाळायचा, रात्रंदिवस.

आता झडपेशेजारी एक चाक आहे, दोन मुठींएवढं.
कोल्दोची गाराझी त्याचे आकडे टिपते.
वायू उतरतो, चाक फिरतं,
तारेतून वीज निघते,
आणि दमलेला वायू असा गार पडतो
की बंदरावरच्या शीतगृहाला पुरतो.
तिथे बोनितोंच्या निळ्या पाठी रांगेने निजल्यात.
माशांची ऊब वायूला, वायूचा गारवा माशांना.
बॉयलरवर कोळ्याने जाळं विणलंय.

निवृत्तीनंतर कोल्दो आज पहिल्यांदा आला.
कान देऊन उभा राहिला. बारीक गुणगुण, बस्.
"हिरवी वीज म्हणतात हिला?"
"म्हणतात. पण वायू शेवटी जळतोच, आईच्या शेगडीत."
"मग?"
"मग काही नाही.
निदान उतरताना रिकाम्या हातांनी येत नाही."

त्याने नळाच्या सांध्यावरच्या हिमाला बोट लावलं.
चिकटलं.
सोडवताना हसला, कातडी थोडी गेली तरी.

रात्री ओट्यापाशी काडी ओढण्याआधी
त्याने खोलीतला रेडिओ बंद केला.