चार बोटं

कार्डावर तारखा माझ्याच अक्षरात.
शून्य, तीन, सात, चौदा.
अठ्ठाविसाव्याचा रकाना कोरा.

ओठ फाटला होता सुकुमारचा.
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
म्हशीच्या सावलीत निजलेलं कुत्रं
त्यानं हलवलं, एवढंच.
तासाभरात आणलं. नळाखाली पंधरा मिनिटं
साबण मीच चोळला.
सीरम भरलं जखमेत, मावेल तेवढं.
ओठात मावून मावणार किती?

पायाला चावलं असतं तर
ते गगनबावड्याहून चालत निघालं असतं,
घाटात रेंगाळलं असतं,
तोवर लस पोचली असती.
ओठापासून मेंदू चार बोटं.
गंगावेस ते सीपीआर,
रिक्षावालाही नको म्हणतो.

सतराव्या दिवशी बाप दारात,
पाण्याचा पेला पोराच्या नजरेआड धरून:
“सिस्टर, डोस तर एक बी चुकला न्हाई.”

मी फ्रिजचा काटा पुन्हा वाचला.
चार अंश.
वहीत कुठंच चूक सापडेना.
सापडली असती तर बरं झालं असतं.

आजही कुणी आलं की
नळ सोडते, घड्याळ बघते.
“वाचतो ना हो यानं?” विचारतात.
वाचतो, म्हणते. वाचतातच,
जवळजवळ सगळे.
‘जवळजवळ’ तेवढं
पाण्याच्या आवाजात म्हणते.