काय निघालं?

एकतीस वर्षं मेडिकलच्या चार नंबरच्या खोलीत
मी लोकांना सांगत आले :
श्वास घ्या. रोखा. सोडा.
भिंतीआडून बटण दाबायचं
आणि दारातल्या नातेवाइकांनी विचारायचं,
बाई, काय निघालं?
सांगायची परवानगी नव्हती.
डॉक्टर सांगतील, म्हणायचे
आणि ओली फिल्म चिमट्याला अडकवायचे.

आता कॅमेरा आहे. सेकंडहँड,
सीताबर्डीच्या गल्लीत घासाघीस करून घेतलेला,
पट्ट्यावर कुणा आधीच्याची आद्याक्षरं.
पंचशीला खोब्रागडेची अल्टो आहे.
ती चालवते, मी काच खाली करून बसते.
थांब म्हटलं की थांबते,
इंडिकेटर मात्र तिला पुढच्या वळणावर आठवतो.

मार्च सरता सरता, देवलापारच्या अलीकडे
पळस. पान एक नाही, नुसता जाळ.
पन्नास फोटो काढले, पन्नासही केशरी डाग.
मग कंटाळून खालचं एक पान उचललं,
गेल्या साली गळलेलं, किड्यांनी जाळी केलेलं,
उन्हासमोर धरलं
व्ह्यूबॉक्सवर धरायचे तसं.
शीर न् शीर दिसली.
कुठंही फ्रॅक्चर नव्हतं.

नागपुरात कुणालाही फोटो दाखवा,
पहिला प्रश्न ठरलेला : वाघ दिसला का, बाप्पा?
माझ्याकडे वाघ नाही.
पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून धरलाय,
जनावरांनी खालून जावं म्हणून.
आम्ही वरून जातो.
वाघ असलाच, तर ऐकत असेल आमची चाकं
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंसारखी.
माझ्याकडे खांब आहेत,
आणि खांबाच्या बुडाशी, चिखलात, एक पाऊल.
पंचशीला म्हणते, कुत्रं.

खिंडसीचा खंड्या हलला.
रजिस्टरात मी लिहायचे : पेशंट हलला, पुन्हा.
खंड्याला पुन्हा कोण बोलावणार?
निळी रेघ तशीच ठेवली आहे.

एक्स-रे काढतात, फोटो काढतात,
काटा काढतात, दिवसही काढतात.
आपल्या भाषेत सगळं आधीच आत असतं बहुतेक.

मनसरच्या ढाब्यावर ट्रकच्या आरशात
एक ड्रायव्हर दाढी करत होता, अर्धा गाल फेसाचा.
काढा ना बाई, म्हणाला
आणि एकदम ताठ झाला, छाती पुढे, हनुवटी वर,
प्लेटला टेकून उभं राहावं तसा.
माझ्या तोंडून गेलंच : श्वास रोखा.
त्यानं रोखला.
सोडा म्हणायचं मी विसरले.
बिचारा किती वेळ तसाच,
मग पंचशीलाच ओरडली, सोडा हो भाऊ!
आणि हसता हसता तिला खोकला लागला.

तिच्या छातीची फिल्म मीच काढली होती, ऑगस्टात.
तिनं काही विचारलं नाही.
तीस वर्षांची स्टाफ नर्स,
माझ्या खांद्यावरून तिनं स्वतःच वाचली
आणि म्हणाली, चल, चहा घेऊ.

आज बाहेर चव्वेचाळीस.
कूलरच्या वाळ्याचा वास, टेबलावर तर्रीपोहे,
मी फोटो मोठा करत जाते :
फेस, वस्तरा, आरशाच्या कडेची धूळ,
आरशात कॅमेऱ्यामागं अर्धी मी,
आणि माझ्या मागं, गाडीच्या बॉनेटला टेकून,
ओढणी वाऱ्यावर, तोंड उघडं,
खोकल्याच्या अगदी आधीचं हसू.

काय निघालं वं? ती विचारते,
तोंडात पोहे.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणी डॉक्टर नाही मधे.
तू, मी म्हणते. तू छान निघालीस.

ती वाकून बघते. चष्मा वर करते.
केस पांढरे दिसतात, म्हणते.
मग : रविवारी उमरेडकडे जाऊ,
मोहफुलं वेचत असतील अजून.
पेट्रोल तुझं.