साडेआठशे शब्द

वखारभागातली पतसंस्था बंद झाली त्या मंगळवारी
शटर अर्ध्यावरच अडकलं होतं;
वाकून पाहिलं की आत पंखा फिरताना दिसायचा म्हणे.

रांगेत मी नव्हतो. निषाद होता, वय चौदा,
शाळेच्या गणवेशात,
माझं पासबुक दप्तरात, टोकन मुठीत.
मी घरी लेख लिहीत होतो, ठेवीदारांच्या घबराटीवर,
साडेआठशे शब्द, पाचच्या आत.

अर्थतज्ज्ञांना फोन केला. म्हणाले,
आधी पैसा संपत नाही, आधी कुजबुज सुरू होते.
वाक्य छान होतं. दुसऱ्या परिच्छेदात घातलं.

चौकटीसाठी मानसतज्ज्ञ बाईंना विचारलं,
विश्रामबागेत असतात त्या:
या वयात मुलं खातं बंद करत नाहीत,
फक्त व्यवहार थांबवतात.
तेही घातलं.

तो आला तेव्हा वखारींची हळद कपड्यांना लागलेली.
मोजे काढले, भडंगाचा डबा रिकामा केला.
"मिळाले?"
"नंबरच आला नाही."

रविवारी लेख छापून आला.
त्यात एक मुलगा होता, गणवेशातला,
जरा रंगवलेला, डोळे पाणावलेले वगैरे.

निषादनं ताटाशेजारी ठेवून वाचला.
"मी रडलो नव्हतो," एवढंच.
मग खोलीचं दार. कडी नाही लावली,
नुसतं लोटलं.

मानधनाचा चेक आलाय, अकराशेचा.
भरायचा कुठे, हा प्रश्नच आहे.

रात्री पाणी प्यायला उठतो.
दार बोटभर उघडं.
वाकून पाहतो,
आत पंखा फिरतोय.