साडेसतरा इंच

आधी वाटलं, ब्लाउजात टाचणी राहिली असेल.
झटकला, उसवून पाहिला. टाचणी नव्हती.
दुसऱ्या दिवशी डाव्या कुशीत
मोहरीएवढे फोड, ओळीनं,
शिकाऊ पोरीच्या टाक्यांसारखे,
कुठे दाट, कुठे विरळ.

गोजरबाई दारातूनच म्हणाली,
"नागीण से ती, माय.
तोंडले शेपूट भिडनं का मानूस जास."
बहादरपूरचा एक जण गेरूनं नाग काढतो,
वर फुंकर घालतो,
पैसे घेत नाही, नारळ घेतो.
मी हो म्हटलं. ती गेल्यावर
कडी घातली आणि टेप काढला.

बत्तीस वर्षं गावाच्या कमरा मोजल्या,
स्वतःची कधी मोजली नव्हती. पस्तीस.
मणक्यापासून बेंबीपर्यंत फोड : साडेसतरा.
म्हणजे अर्धी वाट चालून झाली तिची,
म्हणजे अजून साडेसतरा इंच माझे.

मनियार मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"कधीपासून?"
"परवापासून."
"बरं केलंत. तीन दिवसांच्या आत आलात."
मी विचारलंच, ते तोंडाला शेपटाचं.
त्या हसल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या.
"शीर एका बाजूची असते, मावशी.
ही मधली शिवण ओलांडत नाही."
शिवण म्हणाल्या. मी शिंपीण म्हणून,
की सहजच, कोण जाणे.
"लहानपणी कांजण्या झाल्या होत्या ना?
त्याच या. गेल्या नव्हत्या कुठे.
मणक्यापाशी झोपल्या होत्या."

सेहेचाळीस वर्षं!
ठगू आणि मी, एका गोधडीत,
उशाशी लिंबाचा पाला.
आई सांगायची, स्वतःला खाजवू नका,
म्हणून आम्ही एकमेकींची पाठ खाजवायचो.
ठगू आता सुरतेला, साड्यांना टिकल्या लावते.
फोन केला, म्हटलं, तुझी आठवण अंगावर उठली.
"काय बोलस वं तू? ठेव, शेठ उना."

शिरोडे मेडिकलवाल्यानं मोजून दिल्या.
आठशेच्या, दिवसाला पाच, सात दिवस.
पस्तीस.
"कमरेएवढ्या," मी म्हटलं.
"काय?"
"काही नाही."

सहा, दहा, दोन, सहा, दहा.
कटिंगच्या फळीवर खडूनं रेघा.
पाणी भरपूर प्या, म्हणाल्या होत्या मॅडम.
भरपूर. पारोळ्यात. नळाचा आठवा दिवस.
गोजरबाई रोज एक हंडा आणून आदळायची,
बहादरपूरला गेले नाही म्हणून
न बोलता.

रात्री कापड सोसवेना.
कुणी तापली इस्त्री ठेवून विसरल्यासारखी कूस.
आयुष्यभर लोकांना कापडात घातलं
आणि मला एक सुताचा धागा जड.
कुणाच्या तरी झबल्यातून उरलेली मलमल होती,
तिचं काहीतरी शिवलं, डावी बाजू उघडीच ठेवून.
त्याला काय म्हणतात माहीत नाही.
त्याला गिऱ्हाईक मी एकटीच.

चौथ्या दिवसापासून नवा फोड नाही.
टेप रोज तेवढाच. पस्तिसावी रेघ मारली तेव्हा
खपल्या धरू लागल्या होत्या.
कळ मात्र आहे अजून. पाऊल चुकलेल्या सुईसारखी
मध्येच येते, बोटाला नाही, बरगडीला.
राहील काही आठवडे, म्हणाल्या मॅडम,
उशीर केला असतात तर फार राहिली असती.

पाचव्या दिवसाचं सांगायचं राहिलं.
अमृतकरांची सून आली, सातवा महिना,
डोहाळजेवणाचा ब्लाउज.
उंबऱ्यावर पाय ठेवणार तोच मी ओरडले, थांब!
कांजण्या झाल्यात का तुला कधी?
तिला ठाऊक नव्हतं. आईला विचारते म्हणाली.
मग विचार. आत्ता ओट्याखालीच उभी राहा.
वळ. हात वर. आता इकडे.
टेप माझ्या गळ्यात तसाच,
पाच हातांवरून नुसत्या डोळ्यांनी मोजली पोरीला.

शिवला खपल्या गळाल्यावर.
अर्धा इंच इकडेतिकडे झालं असेल,
म्हणून दोन्ही कुशींत
दीड-दीड इंच माया सोडली.