घ चा ध

‘जन्मस्थान?’ सेतू केंद्रातला मुलगा विचारतो.
धर्मीआत्या काचेला नाक लावून सांगते, ‘उघारी.’
यादीत नाही, तो म्हणतो.
यादीत सेक्टर सत्तावीस आहे, अ आणि ब.

उघाडी म्हणायचं असतं तिला.
आमच्या जिभेवर गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा.
उघाडी म्हणजे खारबांधातली लाकडी झडप,
ओहोटीला शेताचं पाणी सोडणारी,
भरतीला खाडीच्या तोंडावर आपोआप मिटणारी.
तिच्या राखणीला चार घरं बसली,
चारांची चाळीस झाली.
वेगळं नाव शोधायला सवड कुणाला होती?

मग घोड्यावरून मोजणीदार आला.
पणज्यानं सांगितलं, उघारी.
कारकुनाची वरची रेघ जराशी तुटली
आणि सरकारी दप्तरात आम्ही झालो ‘उधारी’.

ध चा मा झाला, त्याची बखर झाली.
आमच्या घ चा ध, त्याची नुसती थट्टा.
पनवेलला मीठ घेऊन जावं तर शेटजी म्हणायचा,
गाव उधारी, आणि पैसे मात्र रोख?
दोन सोयरिकी मोडल्या तेव्हा
हसुराम मास्तरांनी एका झेंडावंदनाला
फळ्यावर खडूनं लिहिलं, उदयनगर.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
गावदेवीला कुणी कळवलं नाही.
पालखीत ती अजून ‘उघारीची आय’.

पुढे भराव आला. आकडा आला.
आत्याच्या शेतात आता सतरा मजले,
त्यांचं नाव रात्री निळं पेटतं,
मलाही धड वाचता येत नाही.

गेल्या भादव्यात, अवसेच्या उधाणाला,
त्यांच्या तळघरात गुडघाभर पाणी.
दोन पंप लावले, तरी.
आत्यानं वॉचमनला काठीनं दाखवलं,
ती पांढरी गारी उभी हाय ना, तिच्या खाली बघ.
खाली काँक्रीटच होतं.
पाणी मात्र तिथूनच येत होतं
भरतीच्या ठोक्याला,
आणि ओहोटीला, कुणी न सांगता,
तिथूनच परत जात होतं.

‘सत्तावीस अ टाकू का?’
मागे रांग आहे. मी मान हलवतो.

‘काय लिवलंन?’ आत्या विचारते.
‘उघारी.’
ती अंगठा पदराला पुसते, यंत्रावर टेकवते.
एक अक्षर कधी गिरवलं नाही तिनं,
तरी त्या मुलाला बजावते,
‘वरची रेग तोरू नको हां.’