डाव्या दाराचा आवाज

होटगी रोडला जिलानी बागवानच्या शेडमध्ये
माझ्या वॅगनारचं डावं दार सोलून ठेवलंय.
आत शेंगांची टरफलं, एक हेअरपिन,
आधीच्या मालकाची टोलची पावती
आणि कंपनीचा स्पीकर :
कागदी, कडेला फाटलेला,
पाठीवर चहाच्या पेल्याच्या बुडाएवढं चुंबक.
"एवढ्यावर गात होता बिचारा," जिलानी म्हणतो
आणि बाजूला ठेवतो,
फेकत नाही.

मे महिना. वरचा पत्रा टणटण बोलतोय.
नायना स्टुलावर बसलेत, मांडीवर पंचा.
चौतीस वर्षं साखर पेठेत चार मागांच्या मध्ये उभे होते,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
मिनिटाला दीडशे वेळा,
चादरीचा, टॉवेलाचा, पुन्हा टॉवेलाचा.
त्या खडखडाटात ओठ वाचायला शिकले,
तीन भाषांतले.
घरी आम्ही त्यांच्याशी तेलुगूत ओरडतो,
नव्या शेजाऱ्यांना वाटतं भांडण.

सिव्हिलमधल्या बाईंनी त्यांच्या कानांचा आलेख काढून दिला होता.
रेघ बरी चाललेली असते
आणि चार हजारापाशी विहिरीत पडते.
तो कागद मी पर्समधून काढून जिलानीला दिला.
वायरिंगचे नकाशे त्यानं ढीगभर पाहिलेत,
असला नाही.
बराच वेळ उलटा धरून बघत होता.
मग म्हणाला, "म्हंजे इथं खड्डा हाय.
इथं आपण मुरूम टाकू."

दोन दिवस मुरूम टाकला.
पत्र्याला आतून काळं डांबरी शीट रोलरनं दाबून चिकटवलं.
दार लावलं तर धप्प,
साहेबांच्या गाडीसारखं.
आरशांपाशी बोराएवढे ट्वीटर,
सीटखाली अँप्लिफायर,
बॅटरीपासून जाडजूड लाल वायर, मधे फ्यूज.
अर्थिंगसाठी रंग खरवडून लोखंड उघडं केलं,
"नायतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकर कण्हतो, मॅडम."
बिल सव्वीस हजार चारशे.
माझी अख्खी भिशी.
अम्माला मी बारा सांगणार आहे.

जिलानीच्या पेन ड्राइव्हवर एक बासरी आहे,
कुणाची ते त्यालाही ठाऊक नाही,
प्रत्येक गाडी तो तिच्यावरच लावतो.
चार हजाराची पट्टी त्यानं स्क्रीनवर चढवली,
अजून चढवली.
माझे दात शिवशिवले.
कामाचा पोऱ्या उठून बाहेर गेला.
नायना ढिम्म.

मग त्यांनी तळहात दारावर ठेवला,
मागाच्या चौकटीवर ठेवायचे तसा,
आणि डोळे मिटले.
"इथं काहीतरी सुटलंय."
"नाही काका, सगळं टाइट हाय."
"खाली. मागल्या अंगाला.
तार तुटली की येतं, तसं येऊ लालंय."

दार पुन्हा सोललं.
एक पांढरी क्लिप, शेंगदाण्याएवढी,
बसलीच नव्हती.
जिलानी ती चिमटीत धरून उभा राहिला,
"च्या मारी," एवढंच म्हणाला.
चहा आला तेव्हा पहिला पेला
त्यानं स्वतः नायनांच्या हातात दिला.

क्लिप बसली. बासरी पुन्हा पहिल्यापासून.
मी समोर वाकून विचारलं, येतंय का ऐकू?
येतंय, म्हणाले.
पण ते माझ्या ओठांकडे बघून म्हणाले,
तेव्हा कशाचं उत्तर होतं
कुणास ठाऊक.

फाटका स्पीकर त्यांनी पंचात गुंडाळून घेतला. का, ते विचारू नका.
सात रस्त्याच्या सिग्नलला
मी आवाज थोडा वाढवला, थोडाच.
त्यांनी हात पुढे केला,
गुळगुळीत काचेवर बटण शोधत राहिले,
सापडेना.
मग माझ्या मनगटाला बोट लावून म्हणाले,
"कमी कर गं.
कान जातात."