स्वच्छ बाजू

ब्राह्मणवेलच्या पठारावर
पंख्यांना वारा हवा, गाडीला हवा.
दोन्ही एकच, असं मी
कंपनीत लागलो तेव्हा समजत होतो.

गाडी उघडी. दोन सीट शेजारी-शेजारी,
दार नाही, मागे हौदा,
त्यात ग्रीसचे डबे, केबलचं वेटोळं, माझा डबा.
एकशे चार नंबरच्या पंख्यापासून एकशे एकोणीसपर्यंत
रस्ता नाहीच, फुफाटा आहे,
घोटाभर, मैद्यासारखा,
पुढच्या गाडीने उठवायचा, मागच्या गाडीने खायचा.
मी मागचा.

दर शनिवारी फिल्टर काढून
पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली धरायचो.
भसकन ढग उडायचा.
काहीतरी केल्यासारखं वाटायचं.
चैत्रात गाडी तेल प्यायला लागली,
निळा धूर सोडायला लागली.
साहेब म्हणाले, चालवतोस तरी कशी?

निजामपूरला, पेठ संपते तिथे,
मुनाफ पिंजारीने इंजिनाकडे बघितलंही नाही.
सीट उचलली, डबा उघडला,
फिल्टरच्या पलीकडच्या नळीत करंगळी घातली,
आणि ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.
नखाच्या कडेला तांबूस रेघ.
“हाई दख. आठे धूय नको.”

अलीकडची बाजू मळू दे किती मळायची ती,
ती त्यासाठीच आहे.
पलीकडे एक कण गेला
की पिस्टनला कानस लागली म्हणून समज.
मग फिल्टर त्याने उन्हाकडे धरला.
कागदाच्या घड्यांत तीन चांदण्या.
माझ्याच वाऱ्याने पाडलेल्या.

आमच्या बोलीत ळ टिकत नाही.
धुळीची धूय होते, केळीची केयी,
गाळणीलासुद्धा आम्ही गायनी म्हणतो.
म्हणजे गाळणीनेच स्वतःचा ळ गाळला.
हे मी त्याला सांगितलं.
तो स्पंज पिळत होता, हसला नाही.

स्पंज आधी साबणात, मग सावलीत,
मग तेल: मिशीला लावतो तेवढंच.
ठिबकलं तर जास्त झालं.
रबराच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवलं,
पोरांच्या पाटीभोवती चौकट आखावी तसं, कुठेही न तुटता.
जुन्या ट्रॅक्टरची काचेची वाटी आणली भंगारातून,
नळी सीटमागून वर, थेट टपाच्या उंचीला नेली.
तिथे धूळ विरळ असते, म्हणाला,
उंच माणसाला गर्दीत श्वास मिळतो तशी.
वाटीत हवा गरगर फिरते,
जड ते खाली बसतं.
पहिल्या आठवड्यात मूठभर निघालं.
ते सगळं मी आधी इंजिनाला पाजत होतो.

हे करताना एकदाच बोलला बापाबद्दल.
गाद्या पिंजायचा, पिंजणीची तात वाजवत साक्रीपर्यंत जायचा.
नाकाला फडकं बांध म्हटलं तर म्हणायचा,
तोंड झाकलेल्याला गिऱ्हाईक घरात घेत नाही.
धुळ्याच्या सिव्हिलमध्ये डॉक्टरने फोटो उजेडाला लावला,
मुनाफ तेव्हा नववीत.
“कापूसच दिसत होता,” म्हणाला,
“आत कोणीतरी पिंजून ठेवल्यासारखा.”
आणि पाना मागितला, चौदाचा.

तो स्वतः फडकं बांधत नाही.
ग्राइंडर चालतो, ठिणग्या, लोखंडाचा भुगा,
मी म्हटलं, मुनाफभाई, तुमचं काय?
“मनं नाक कंपनीनंच शे.”

पुढच्या खेपेला मी नवा गमछा नेला,
पारोळ्याच्या बाजारातला, हिरव्या काठाचा,
काही न बोलता शेगड्यावर ठेवला.

महिन्याने गेलो.
त्याने फळीवरून माझा जादा फिल्टर काढला.
एक कण बसू नये म्हणून
नीट, चारी पदर दुमडून
त्या गमछ्यात बांधलेला.

मी सोडत होतो गाठ.
तो पाठमोरा, ग्राइंडर सुरू करून,
खोकत होता.